लाइव्ह कार्यक्रमासाठी गिटारचा ॲम्प: ५० वॉट, १०० वॉट, की ॲम्पच नको?

सहावी_तार

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा पाच जणांचा बँड आहे. ड्रम्स, बेस, कीबोर्ड, गायिका आणि गिटारवर मी. स्वतःची मराठी गाणी आठ-नऊ झाली आहेत, बाकी जुनी गाणी आमच्या पद्धतीने वाजवतो. आतापर्यंत कॉलेजं, दोन कॅफे, सोसायटीचा गणपती आणि एक हळद एवढं झालंय.

माझ्याकडे २० वॉटचा, ८ इंची स्पीकरचा सरावाचा ॲम्प आहे. घरात तो खिडक्यांची तावदानं हलवतो. पण परवा तालमीत ड्रमरने जाड काठ्या काढल्या आणि दुसऱ्या कडव्यापासून मला माझा एक स्वर ऐकू येईना. व्हॉल्यूम १० वर नेला, तर आवाज वाढला नाही, नुसता फाटला. अख्खा सोलो मी बोटांकडे बघत वाजवला. तो बरोबर वाजला की नाही, हे नंतर मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून कळलं.

बजेट ४० हजार, ताणून ४५. बॉस कटाना घ्यावा असं बरेच जण सांगतात, पण ५० की १०० ते ठरत नाही. ओळखीच्या एकांकडे व्हॉल्व्हचा (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा) ४० वॉटचा कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, विकायचा आहे. तो ऐकला आणि अंगावर काटा आला. आणि बेसवाला म्हणतो, ॲम्पच नको, मॉडेलर (ॲम्पचा आवाज डिजिटल पद्धतीने काढणारं यंत्र) घे आणि थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये घाल.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वाहन म्हणजे ॲक्टिव्हा. ज्यांनी खरोखर स्टेजवर वाजवलंय त्यांनी सांगा.

मधला_सा

१०० वॉट घे, डोळे मिटून. पुन्हा घ्यावा लागणार नाही.

डेसिबल

डोळे मिटून नको, थोडे उघडे ठेवून घ्या. वॉट म्हणजे आवाज नव्हे. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. तेवढा फरक कळतो, पण त्याने ड्रमरवर मात होत नाही. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे ५० आणि १०० मधलं अंतर नावात दिसतं तेवढं नाही.

त्याहून मोठी गोष्ट स्पीकरची. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर १ वॉटला, १ मीटरवर, ९८ डेसिबल देतो, व्हिंटेज ३० तर १००. सरावाच्या ॲम्पमधला छोटा स्पीकर यापेक्षा बराच खाली असतो. ६ डेसिबलचा फरक धरला तरी तो चौपट वॉटांच्या बरोबरीचा झाला. तुमचा खोका दमतो तो २० वॉट आहेत म्हणून कमी, आणि ८ इंची स्पीकर छोट्या पेटीत कोंबलाय म्हणून जास्त. १२ इंची स्पीकर हवाच. तिथून पुढची चर्चा.

आणि एक विचारतो. तो ॲम्प नक्की कुणाला ऐकवायचा आहे? प्रेक्षकांना पीए, म्हणजे साउंडवाल्याचे मोठे स्पीकर, ऐकवणार आहेत. तुम्हाला तुमची गिटार ऐकू यावी आणि ड्रमरला तुमचा ठेका कळावा, स्टेजवर ॲम्पचं काम एवढंच. हे एकदा पक्कं केलंत की निम्मे पर्याय आपोआप गळतील.

काचेची_नळी

डेसिबल यांचं गणित बरोबर आहे, पण अंगावर आलेला काटा त्या गणितात बसत नाही. सहावी_तार, तो काटा विसरू नका.

व्हॉक्सचा एसी-३० म्हणजे ३० वॉट, चार ईएल-८४ व्हॉल्व्ह. शॅडोज आणि बीटल्स यांनी तो गाजवला. व्हॉल्व्हचा ४० वॉटचा कॉम्बो चांगल्या ड्रमरसमोर सहज उभा राहतो. आणि बोटांना जे मिळतं ते वेगळंच. तार हळू छेडली की आवाज स्वच्छ, जोरात छेडली की कडेला किंचित करवत लागल्यासारखी खरखर. गिटारवरचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला की ॲम्प लगेच शांत होतो, पेडलला पाय लावायला नको. मी २२ वर्षं वाजवतोय, या एका गोष्टीसाठी अजून व्हॉल्व्ह वापरतो.

दोन पथ्यं पाळा. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही. आत ४०० व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात.

तिसरा_मजला

काचेची_नळी, आवाजाबद्दल वाद नाही. पण धागाकर्त्याने लिफ्ट नाही असं लिहिलंय ते सगळ्यांनी वाचलं का?

फेंडरचा ट्विन रिव्हर्ब २९ किलो. रोलंडचा जेसी-१२० २८ किलो. एसी-३० ३२ च्या आसपास. एका गणपतीत पाच दिवसांत सात कार्यक्रम होते आणि माझा तीस किलोचा कॉम्बो मी रोज रात्री दीड वाजता जिन्याने वर न्यायचो. मूठ एकच, वरच्या बाजूला मधोमध. प्रत्येक पायरीला ॲम्पची कडा नडगीवर आपटते. पाचव्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या आजी दार उघडून पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या वर्षी मी ॲम्प विकला. पैशांची अडचण नव्हती, पाठीची होती.

एका हाताने उचलून जिना चढता आला पाहिजे आणि दुसऱ्या हातात गिटार राहिली पाहिजे. माझ्यासाठी ती मर्यादा १५ किलो.

मधला_सा

फेंडरने २०१९ मध्ये टोन मास्टर नावाने ट्विन काढला ना? आत डिजिटल, वजन १५ किलोच्या आसपास.

तिसरा_मजला

हो, वाजवून पाहिलाय, आवडला. पण ४५ हजारांत बसत नाही.

पाठीवरची_पिशवी

बेसवाल्याचं ऐका. फ्रॅक्टलने ॲक्स-एफएक्स २००६ मध्ये आणला, मग केम्पर आला, २०१५ मध्ये लाइन सिक्सचा हीलिक्स. आता तर हे सगळं तळहाताएवढ्या पेडलमध्ये मावतं. माझा अख्खा सेटअप पाठीवरच्या पिशवीत असतो. कानात इन-इअर, स्टेजवर गिटारचा आवाज शून्य, त्यामुळे गायिकेच्या माइकमध्ये माझी गिटार शिरत नाही. साउंडवाले दुवा देतात.

एक चूक सगळे करतात ती सांगून ठेवतो. थेट मिक्सरमध्ये जाताना कॅबिनेट सिम्युलेशन चालू हवंच. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं गाळून टाकतो. ती गाळणी नसेल तर डिस्टॉर्शन लावल्यावर डब्यात माशी कोंडल्यासारखा आवाज येतो. हॉलमध्ये लोक कान झाकतात आणि वाजवणाऱ्याला कळतच नाही काय झालं.

काचेची_नळी

आणि वाजवणाऱ्याला ऐकवणारा मॉनिटर बंद पडला तर?

पाठीवरची_पिशवी

तर खरंच काही ऐकू येत नाही. हे मान्य. मॉडेलर घेतला की साउंडवाल्यावर पूर्ण भिस्त. चांगला साउंडवाला असेल तिथे स्वर्ग. सोसायटीच्या गणपतीत प्रेक्षकांकडे दोन टॉप स्पीकर आणि एक मॉनिटर, तोही निवेदकाकडे तोंड करून ठेवलेला, तिथे अवघड.

बेस_काका

पोरांनो, वाचतोय सगळं. मी १९८४ ते ९६ मुंबईत ऑर्केस्ट्रांत बेस वाजवला. तेव्हा परदेशी ॲम्प मोठ्या गिटारवाल्यांकडेच असायचे. आमचे खोके लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ओळखीचा कारागीर बांधून द्यायचा. पेटी सुताराकडून, वरचं रेक्झिन सोफावाल्याकडून. तसल्या खोक्यांवर आम्ही शिवाजी मंदिर, षण्मुखानंद, गावोगावचे मांडव सगळं केलं.

तेव्हा शिकलेली एक गोष्ट फुकट देतो. ॲम्प जमिनीवर ठेवू नका. स्पीकरचा तिखट, स्पष्ट भाग सरळ रेषेत जातो, तो जातो पोटरीकडे. पोटऱ्यांना कान नसतात. मग माणूस म्हणतो मला ऐकू येत नाही आणि आवाज वाढवतो, आणि समोर पहिल्या रांगेतल्या माणसाच्या तोंडावर तो आवाज जाऊन आदळतो. मांडववाल्याकडून एक लोखंडी खुर्ची मागून घ्या, ॲम्प तिच्यावर ठेवा, थोडा मागे रेलवा, तोंड आपल्या कानाकडे. वीस वॉटचा खोकासुद्धा मोठा झाल्यासारखा वाटेल. नवा ॲम्प घेण्याआधी हे एकदा करून बघ बाळा.

दुसरं, तुमच्या कीबोर्डवाल्याचा डावा हात बघ. गिटारची खालची तार ८२ हर्ट्झवर, बेसची ४१ वर. त्या पट्ट्यात बेस आहे, ड्रमरचा पायाचा ड्रम आहे, आणि कीबोर्डवाला डाव्या हाताने तिथेच भरत असेल तर गिटारला जागा कुठे? आमचे अरेंजर तालमीत कीबोर्डवाल्याला डावा हात खिशात ठेवायला सांगायचे.

कीबोर्डवाली

काका, हे आमच्याबद्दल आहे असं समजून वाचलं आणि पटलं. मी आता आमच्या बँडमध्ये डावा हात फक्त गिटार थांबलेली असताना वापरते.

डेसिबल

काकांना पूर्ण अनुमोदन. त्याला जोडून, घरी लावलेला टोन स्टेजवर नेऊ नका. घरी एकट्याने वाजवताना बेस आणि ट्रेबल वाढवून मिड काढला की छान, भरीव वाटतं. बँडमध्ये तोच टोन नाहीसा होतो, कारण खाली बेस गिटार आणि वर झांजा बसलेल्या असतात. गिटारची जागा मधली. घरी किंचित नाकातला, कर्कश वाटेल एवढा मिड ठेवा, बँडमध्ये तो बरोबर बसतो.

रोह्याचा_बेंजो

थोडं विषयांतर, पण हक्काने विचारतो. आमची रायगडात बेंजो पार्टी आहे. बेंजोला पिकअप लावलेला, आहुजाचा ॲम्प्लिफायर, टेम्पोवर भोंगे. लग्नाच्या वरातीत हे चालतं. पण आता हॉलमधल्या हळदीची कामं येतात आणि तिथे भोंग्याचा आवाज टोचतो. बेंजो गिटारच्या ॲम्पमध्ये घालता येईल का?

काचेची_नळी

घालता येईल, आणि गोड लागेल. भोंगा मध्यापासून वरचं तेवढंच फेकतो, म्हणून टोचतो. १२ इंची गिटार स्पीकर वरचा टोचरा भाग गाळेल. स्वच्छ चॅनल, ट्रेबल कमी, थोडा रिव्हर्ब. पण टेम्पोवर, उघड्यावर भोंगाच हवा. तिथे त्याच्याइतकं लांब काही पोचत नाही.

रोह्याचा_बेंजो

आभार. पुढच्या आठवड्यात मित्राचा ॲम्प मागून बघतो.

टेस्टर

मी इलेक्ट्रिशियन आहे आणि भावाच्या बँडबरोबर फिरतो. ॲम्प कुठलाही घ्या, हे मात्र वाचा.

१९७२ च्या मे महिन्यात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी वेल्समधल्या स्वॉन्झीत स्टेजवरच विजेचा धक्का बसून वारला. माइकचं अर्थिंग नव्हतं. एका हाताने माइक, दुसऱ्या हाताने गिटारची तार. वय २७ होतं.

दोन वर्षांपूर्वी एका जत्रेत भावाला ओठाला चटका बसला. मी मीटर लावला. एक टोक गिटारच्या ब्रिजला, दुसरं माइकच्या जाळीला. ११० व्होल्ट. आमच्या बोर्डाची अर्थिंगची वायर जनरेटरपाशी तुटून लोंबत होती. अर्थिंग नसलं की ॲम्प आणि मिक्सरच्या फिल्टरमधून निम्मा दाब खोक्यावर येऊन बसतो. तो बहुतेक वेळा झिणझिण्या देऊन सोडतो, पण त्याच बोर्डावर दुसऱ्या कशातला दोष असेल तर सोडत नाही.

म्हणून साउंड चेकच्या आधी मीटर लावा. मीटर तपकीर गल्लीत अगदी स्वस्तात मिळतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा ठेवा. आणि गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी पिन काढणाऱ्याला स्टेजवर हात लावू देऊ नका. गुणगुण घालवायला डीआय बॉक्सवर (वाद्याची वायर मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. सिग्नलचं ग्राउंड सोडलं तर चालतं, विजेचं कधीच नाही.

बेस_काका

टेस्टर, हे तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आमच्या काळी झटका बसला की चपला घालून वाजवायचे. कसे वाचलो कुणास ठाऊक.

मंडळ_न्यूजर्सी

इथे मंडळाच्या गणेशोत्सवात वाजवतो, म्हणून एक पुरवणी. कुणी म्हणेल अमेरिकेतून येणाऱ्या पाहुण्याबरोबर ॲम्प मागवू. इथला ॲम्प १२० व्होल्टचा. मागे २३० ची सोय लिहिलेली नसेल तर पुण्यात लावताक्षणी जाईल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला तर तीही जड वस्तू, आणि मांडवात कुणीतरी घाईत थेट प्लगमध्ये घालणारच. मॉडेलर पेडल त्या मानाने सोपं, वेगळा अडॅप्टर मिळतो.

कान_नाक_घसा

मी याच विषयाची डॉक्टर. ड्रमच्या शेजारी १०० डेसिबल सहज होतात. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली, तर पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० ला हिशेब येतो १५ मिनिटांवर. तुमची तालीम किती तास चालते?

तालमीनंतर कानात शिट्टी वाजत राहते ना, ती थकव्याची नाही, इजेची खूण आहे. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळ्याच पट्ट्यांतला आवाज सारखा कमी करतात. तरुण पोरं येतात, वय २५, आणि वरचे स्वर गेलेले असतात. ते परत आणता येत नाहीत. मोठा ॲम्प घेण्याआधी ड्रमरला पातळ काठ्या घेऊन द्या.

सहावी_तार

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी समोर बसवूनही सांगितलं नसतं.

काल तालमीत काकांचं ऐकून जुना २० वॉटचा ॲम्प खुर्चीवर ठेवला. खरंच ऐकू आला! पुरेसा नाही, पण पहिल्यांदाच मी बोटांकडे न बघता सोलो वाजवला. कीबोर्डवाल्याने डावा हात उचलला तेव्हा आमची गायिका थांबून म्हणाली, हे गाणं आज पहिल्यांदा कळलं. ड्रमरला पातळ काठ्या दिल्यात, तो जरा रुसलाय.

मॉडेलर तूर्त नको असं वाटतंय. आम्ही वाजवतो तिथे पाठीवरची_पिशवी यांनी वर्णन केलेला, निवेदकाकडे तोंड केलेला एकच मॉनिटर असतो. आता परत मूळ प्रश्न. ५० की १००?

डेसिबल

आता १०० म्हणतो, पण वॉटसाठी नाही. मी वापरलेल्या मार्क टू कटानामध्ये ५० ला हेडफोन आणि रेकॉर्डिंग मिळून एकच आउटपुट आहे. त्यात जॅक घातला की ॲम्पचा स्पीकर बंद होतो. १०० ला वेगळा लाइन आउट आहे. स्पीकर तुमच्या कानाकडे चालू आणि त्याच वेळी मिक्सरला वायर. साउंडवाल्याकडे जादा माइक नसेल तेव्हा हाच मार्ग. दुकानात नवं मॉडेल दाखवतील तेव्हा मागची बाजू फिरवून हे आधी बघा. आणि वॉट निम्मे करायचं बटण आहे, ५० वर ठेवूनच वाजवा.

तिसरा_मजला

वजन १५ किलोच्या जरा आतच आहे. मर्यादेत बसतो.

मधला_सा

म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात बरोबर सांगितलं होतं.

सहावी_तार

बावीस दिवसांनी परत लिहितोय. १०० घेतला. ॲक्टिव्हाच्या पायठाणावर, दोन गुडघ्यांमध्ये मावतो, फक्त डावीकडे वळताना हँडल त्याला टेकतं, म्हणून आडवा न ठेवता उभा ठेवतो.

शनिवारी कोथरूडला एका सोसायटीत पहिला कार्यक्रम झाला. दहाला बंद करायचं होतं, त्यामुळे पावणेदहाला शेवटचं गाणं. आधी मीटर लावून बघितलं, ब्रिज आणि माइकमध्ये २ व्होल्टसुद्धा नव्हते. लाइन आउट मिक्सरला, ॲम्प खुर्चीवर, मास्टर ३ च्याही खाली. गायिकेला माझी गिटार ऐकू येत होती आणि मला तिचा श्वास. शेवटच्या गाण्यात मी सोलो दोन आवर्तनं लांबवला, कारण थांबावंसं वाटेना, आणि ड्रमर पातळ काठ्यांनी माझ्याकडे बघून हसत होता.

व्हॉल्व्हचा तो आवाज अजून कानात आहे, काचेची_नळी. खोटं बोलणार नाही.

काका, रविवारी चार वाजता तालीम आहे. याल का? तुमच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवतो, ॲम्पची देत नाही.

बेस_काका

येतो. बेस घेऊनच येतो, चालेल ना?

काचेची_नळी

अभिनंदन! चांगला निर्णय घेतलात, मनापासून. आणि तो ४० वॉटचा कॉम्बो अजून विकला गेला नसेल, तर मालकांना माझा निरोप द्या. माझं घर तळमजल्यावर आहे.